माहूजच्या खिडकीतला वाद

ताई,

तुमच्या बहिणीचा, मालूताईंचा, फोन आला तेव्हा मी तांदूळ धूत होते. "सुधा गेली गं पहाटे. झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या. मी आधी रडले नाही. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "अल्हमदुलिल्लाह", देवाचे आभार. लगेच माझी मलाच लाज वाटली. कुणाच्या बहिणीच्या मरणाची बातमी ऐकून असं म्हणतात का? पण पलीकडून मालूताईच म्हणाल्या, "होय गं बाय, सुटली." मग आम्ही दोघी रडलो. पण डोक्यावरची पाटी खाली ठेवल्यावर मान दुखते ना, तसलं ते रडणं होतं.

पुढच्या शुक्रवारी इथे तुमची शोकसभा आहे. तिथे सगळे तुमच्या नोकरीची वर्षं सांगतील, तुमच्या हाताखालून किती मुलं गेली ते सांगतील. मला त्यातलं काही बोलता यायचं नाही. मला तुमच्याशीच बोलायचंय, जसं इथे आखातात, माहूजच्या त्या बिल्डिंगीत बोलायचो तसं. तुमचं स्वयंपाकघर आणि माझं स्वयंपाकघर समोरासमोर, मध्ये चार हातांची अंधारी मोकळी जागा, एसीचं पाणी ठिबकतंय, आणि आपण दोघी खिडकीच्या जाळीला नाक लावून बोलतोय. तुम्ही इथले साफी मासे साफ करत असायच्या आणि बोलता बोलता हातातली सुरी माझ्यावर रोखायच्या. आमचे इक्बाल म्हणायचे, "तुझ्या ताई वर्गात पण सुरी घेऊन जातात काय?"

तुमचे मिस्टर, दादा, गेल्यावर सगळ्यांना वाटलं होतं की तुम्ही गाशा गुंडाळून गावी नागावला जाल. तुम्ही इथेच शाळेत इतिहास शिकवत राहिलात. मी त्याच शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट, सबा तुमच्या वर्गात. म्हणजे दिवसा मी तुमचे प्रश्न टाइप करायची, दुपारी माझी मुलगी त्यांची उत्तरं लिहायची आणि संध्याकाळी तुम्ही खिडकीतून तिची चूक मला सांगायच्या. त्या चुका मला कळायच्या नाहीत. म्हसळ्याच्या मराठी शाळेत आम्हाला अमेरिका म्हणजे नकाशातला एक हिरवा तुकडा होता.

त्या अमेरिकेतले शेतकरीसुद्धा मला तुमच्यामुळेच भेटले.

तुम्हाला आठवत असेल तो हिवाळा. इथली माणसं सरकारविरुद्ध उठली होती. बुदैयाच्या रस्त्यावर टायर जळायचे, दुसऱ्या दिवशी डांबरावर काळी वर्तुळं दिसायची. दर शुक्रवारी आपण इक्बालच्या गाडीतून तिकडच्या मळ्यांवर भाजी आणायला जायचो, ते बंद झालं. शाळा कधी लवकर सुटायची. ऑफिसात सगळे हळू आवाजात बोलायचे, आणि काय बोलायचे तर काहीच नाही, कारण आपण इथले नव्हतो आणि बोलून आपल्याला चालणार नव्हतं.

आणि नेमक्या त्याच महिन्यात तुम्ही नववीच्या वर्गात खटला भरवायचं ठरवलंत!

पुस्तकात त्याची ओळसुद्धा नव्हती. पुस्तकातली अमेरिका स्वतंत्र झाली आणि धडा संपला. तुम्ही मुलांना पुढचं सांगितलंत. लढाईवरून शेतकरी घरी परतले, पगार म्हणून हातात कागद मिळाले होते, त्या कागदांना बाजारात कुणी विचारेना. राज्याला मात्र कर हवा होता तो खणखणीत नाण्यांत. नाणी नाहीत, म्हणून कोर्टानं बैल नेले, जमिनी नेल्या, माणसं तुरुंगात टाकली. मग मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराकडच्या गावांतले शेतकरी टोपीत पाइनची डहाळी खोचून निघाले आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले. न्यायाधीश आत जाऊ शकला नाही, तर निकाल कसा देणार? आणि वरचं, देशाचं सरकार इतकं दुबळं की त्याच्याकडे ना पैसा ना फौज. त्यांचा पुढारी लढाईतलाच एक कॅप्टन. शौर्याबद्दल एका फ्रेंच सेनापतीनं त्याला तलवार दिली होती, ती त्यानं अडचणीपायी विकून टाकली होती.

त्या कॅप्टनवर वर्गात खटला चालणार होता. आणि कॅप्टन कोण? माझी सबा.

सबा घरी नाचत आली. "मम्मी, आय अॅम द रेबेल!" इक्बालचा हात ताटातच थांबला.

रात्री ते मला म्हणाले, "हे बघ नसीम. इथे आपण पाहुणे. पाहुण्यानं यजमानाच्या घरात भांडणाची गोष्टसुद्धा सांगू नये. उद्या कुणी विचारलं, कोणाची मुलगी सरकारविरुद्ध भाषण करते, तर व्हिसा माझा आहे." सलमाबादच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभे राहून ते पाच माणसांचं घर चालवत होते. त्यांची भीती खोटी नव्हती. माझीही नव्हती.

मी खिडकीशी आले. तुम्ही नारळ खवत होता.

"ताई, सबा कॅप्टन होणार नाही."

"इक्बाल नको म्हणतो?"

"मीपण नको म्हणते."

"अगं, दोनशे वर्षांपूर्वीचे शेतकरी ते! टोपीत डहाळी खोचलेले!"

"डहाळी खोचलेली असू दे नाहीतर मोरपीस. सरकारच्या दारात आडवं पडणारी माणसं तुम्हाला इतकी का आवडतात?"

तुम्ही खवणी बाजूला सारलीत. "कारण नसीम, दुबळं सरकार आधी घाबरतं आणि मग मारतं. हे पोरांना कळायला हवं."

आणि मग माझ्या तोंडून ते निघालं, जे मी तोवर कुणाशी बोलले नव्हते. तुम्हाला हनीफचं माहीत होतं, पण वरवरचं. माझा भाऊ, मुंबईत शिवणकामाचं दुकान. मुंबई जळत होती त्या जानेवारीत तो बायकोमुलांना घेऊन मागच्या खोलीत दिवा न लावता बसला होता. त्यानं पोलीस चौकीला फोन लावला. नुसतीच रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा रिंग. दुकान गेलं, माणसं वाचली, ती त्याच्या घरमालकिणीनं स्वतःच्या घरात घेतली म्हणून. "ताई," मी म्हटलं, "तुम्ही कोर्ट बंद पाडणाऱ्यांचं कौतुक करता. हनीफच्या गल्लीत सगळंच बंद पडलं होतं. दुबळं सरकार काय ते तुम्ही पुस्तकात वाचलंत. सरकार नसतं तेव्हा शेजारी मारतात."

तुम्ही हात पुसून खिडकीपाशी आलात. मला वाटलं, खिडकी लावून घ्याल. मी तरी घेतली असती.

मग तुम्ही म्हणालात, "मग हेच सबाला बोलू दे. कॅप्टन दुसरा कुणी होईल. ती सरकारची वकील."

ताई, भांडणात तुमच्याइतकं पटकन कुणी जागा करून देत नाही. वादात हरलेला माणूस मी पाहिलाय, जिंकलेलाही पाहिलाय. दुसऱ्याच्या हातात आपलीच सुरी देणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

इक्बालला मी सांगितलं, "आता ती सरकारच्या बाजूनं बोलणार आहे." ते म्हणाले, "मग हरकत नाही." आणि थोड्या वेळानं, "पण जिंकली पाहिजे हं."

दोन दिवसांनी कुणा पालकाचा प्रिन्सिपल सरांना फोन आला. मुलांना बंड शिकवतायत म्हणे. सरांनी तुम्हाला बोलावलं. त्यांच्या केबिनचं दार नीट लागत नसे आणि माझं टेबल दाराशीच. माझी बोटं टाइपरायटरवर होती, पण एक अक्षर उमटत नव्हतं. सर वाईट नव्हते. जपून वागणारे होते, एवढंच. मार्चमध्ये सगळ्यांची काँट्रॅक्टं रिन्यू व्हायची होती, हे तुम्हालाही माहीत होतं आणि त्यांनाही.

"मॅडम, इस टाइम पे यह सब क्यों? सिलॅबस में तो है नहीं."

"सर, मुकदमा है. बगावत नहीं. मुकदमे में तो कानून ही सिखाते हैं ना?"

"और बच्चों ने उसको छोड़ दिया तो? लोग क्या बोलेंगे?"

तुम्ही म्हणालात, "तो छोड़ने का काम बच्चों के हाथ में नहीं रखते. फैसला बच्चे देंगे, माफी का अधिकार गव्हर्नर का. आप गव्हर्नर बन जाइए, सर."

मला वाटलं, आता संपलं, ताईंची गच्छंती. मग सर म्हणाले, "दरवाज़ा बंद रखना. नारे नहीं. और वह पत्ते-वत्ते बाहर लेके नहीं घूमना."

पत्ते म्हणजे सुरूच्या डहाळ्या. पाइन इथे कुठून आणणार? मैदानाच्या कडेला सुरूची दोन झाडं होती, धुळीनं पांढरी पडलेली. तुम्ही मुलांना म्हणालात, "चालेल. आमच्या नागावचा सगळा किनारा सुरूचाच आहे. मॅसॅच्युसेट्सपेक्षा काही कमी नाही."

खटल्याच्या दिवशी मी हाताखालचं काम टाकून हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. केमिस्ट्री लॅबमधला काळा पडदा न्यायाधीश झालेल्या मुलीच्या खांद्यावर. कॅप्टन होता रोहन, सबाच्या वर्गातला अबोल, लांब मानेचा मुलगा. त्यानं तलवार विकल्याचं सांगितलं तेव्हा त्याचा आवाज खरोखर कापला. बैल नेल्याचं सांगताना तर तो सरांकडे असं बघत होता की जणू सरांनीच नेलाय.

मग सबा उठली. ती इंग्रजीत बोलत होती, मी मराठीत ऐकत होते. ती म्हणाली, यांचं दुःख खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण आज यांनी कोर्टाचं दार अडवलं, उद्या दुसरे अडवतील, आणि मग ज्याच्यामागे जमाव नाही तो कुठल्या दाराशी जाईल? ती म्हणाली, सरकारकडे फौज नव्हती म्हणून बोस्टनच्या श्रीमंत व्यापाऱ्यांनी आपल्या खिशातून फौज उभी केली. ज्या सरकारला फौज उसनी घ्यावी लागते ते सरकार पुढे कुणाचं ऐकेल, शेतकऱ्यांचं की व्यापाऱ्यांचं? म्हणून सरकार मजबूत हवं, गरिबांसाठी हवं. आणि शेवटी, कागदात न बघता, "माझ्या मामानं एकदा पोलिसांना फोन केला होता. कुणी उचलला नाही."

हनीफचं तिला मी सांगितलं नव्हतं. खिडकीतून ऐकलं असेल तिनं. त्या खिडक्यांतून काय काय ऐकत मुलं वाढली!

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही फळ्याकडे तोंड करून उभ्या होतात.

मुलांनी कॅप्टनला दोषी ठरवलं. काळ्या पडद्यातल्या मुलीनं फाशी सुनावली. नाटकच होतं, पण रोहनचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेत, गव्हर्नरकडे. सर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनी काय करायचं हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

"कॅप्टन, छूट गए तो क्या करोगे?"

रोहन पाठ केलेलं सगळं विसरला. "सर, घर जाऊँगा."

"और?"

"खेती करूँगा."

"फिर से बंदूक उठाओगे?"

रोहननं प्रामाणिकपणे विचार केला. "बैल वापस मिल गया तो नहीं उठाऊँगा, सर."

सगळ्यात आधी सरच हसले. त्या माणसाचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. हसता हसता हात उडवून म्हणाले, "पार्डन! खलास. यल्ला, चलो, घर जाओ." आणि मुलांनी बाकं बडवली ती इतकी की मी दार लागलंय ना ते बघायला धावले. सबासुद्धा टाळ्या वाजवत होती, आणि ती तर हरलीच होती म्हणायची. की जिंकली होती? मला अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात तिनंच हात वर केला. "मॅम, खरंच सगळ्यांना माफी मिळाली?"

तुम्ही नुसतं हो म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण तुम्ही म्हणालात, "नाही. कॅप्टनला मिळाली, बहुतेकांना मिळाली, काहींना तर फासाखाली उभं केल्यावर मिळाली. पण दोघं लटकले. लहान माणसं होती." सरांनी मान खाली घातली.

संध्याकाळी मी तुमच्याशी यावरून भांडले. "आजच्या दिवशी तरी मुलांना आनंदानं घरी जाऊ द्यायचं होतं."

"खोटं सांगून? मी इतिहासाची बाई आहे गं."

"बरं, मग पुढचंही सांगा. काय झालं त्या सरकारचं?"

"पुढच्याच निवडणुकीत लोकांनी गव्हर्नर बदलला. कर हलके झाले. आणि वरचे मोठे लोक इतके घाबरले की त्यांनी नवी घटना लिहिली, जास्त ताकदीचं सरकार आणलं."

"बघा! म्हणजे शेवटी मजबूत सरकार आलंच ना? माझंच खरं."

"आलं. पण कुणामुळे आलं?"

तिथे आपला वाद जो अडकला तो अडकलाच. नंतर कितीदा तरी उकरून काढला आपण, इक्बाल कंटाळून टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी म्हणायची घटनेमुळे, तुम्ही म्हणायच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलेल्यांमुळे. तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, पण काही रात्री मला तुमचं पटायचं आणि सकाळी परत माझं. तुमचं काय व्हायचं, ते विचारायचं राहिलं.

मार्चमध्ये काँट्रॅक्टं आली. नावं सरांनी दिली, टाइप मी केलं. तुमचं नाव यादीत दिसलं तेव्हा माझ्या हातून एकाच ओळीत तीन चुका झाल्या. ज्यानं सगळ्यांसमोर बंडखोराला घरी सोडलं, तो त्याला शिकवणाऱ्या बाईला कसा घालवणार होता? सरांनी यावर कधी चकार शब्द काढला नाही. पण व्हरांड्यात रोहन दिसला की विचारायचे, "कॅप्टन, बैल मिला?"

त्यानंतर तुम्ही आजारी पडलात. ते सगळं मला लिहायचं नाही. पोटातली गाठ, ऑपरेशन, डॉक्टरांचं ते मान हलवणं. तुम्हाला मरणाची भीती नव्हती, तुम्हाला भीती होती ती एकाच गोष्टीची. "इक्बाल, मला इथून पेटीतून पाठवायचं नाही. मी माझ्या पायांनी जाणार." इक्बाल हो हो म्हणायचे आणि घरी येऊन तोंड धुवायला जायचे, फार वेळ. एअरपोर्टवर व्हीलचेअर आणली होती. तुम्ही तिच्यावर पर्स ठेवलीत आणि स्वतः तिला धरून चालत गेलात. काचेच्या पलीकडे गेल्यावर मागे वळून बघाल असं वाटलं. नाही बघितलंत. बरं केलंत. बघितलं असतंत तर मी तिथेच खाली बसले असते.

तुम्ही नागावला घरी पोचलात, याचं मला किती हलकं वाटलं ते कुणाला सांगू? मालूताई शेजारी, अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या, समुद्राचा आवाज. तुम्ही फोनवर सांगायच्या आणि मी डोळे मिटून ऐकायची. एकदा विचारलंत, "सबा अजून सरकारच्या बाजूनं आहे का?" मी म्हटलं, आहे. "असू दे. कुणीतरी हवंच. नाहीतर मी भांडू कुणाशी?"

पावसाळ्यानंतर तुमचा आवाज बारीक होत गेला. मालूताई सांगायच्या की रात्र रात्र कण्हते, औषध पुरत नाही. आणि मागच्या आठवड्यात तुम्ही स्वतः फोन धरलात. बोलायला किती कष्ट पडत होते ते इथवर ऐकू येत होतं.

"नसीम, माझं एक काम कर. तू पाच वेळा नमाज पढतेस. तुझं तो ऐकत असेल. माझ्यासाठी माग, लवकर सुटू दे म्हणून."

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "ताई, असलं काही बोलायचं नाही. इंशाल्ला बऱ्या व्हाल. सबाच्या लग्नाला यायचंय तुम्हाला." तुम्ही हसलात की खोकलात, कळलं नाही. "बरं बाय," म्हणालात आणि फोन मालूताईंकडे गेला. तुम्हाला वाटलं असेल, नसीमनं ऐकलं नाही.

ताई, मी ऐकलं होतं. त्याच दिवशी दुपारच्या असरच्या नमाजनंतर मी हात पसरले. आधी तुमचं बरं होणं मागितलं, सवयीनं. मग तुमचा आवाज आठवला. मी म्हटलं, या अल्ला, माझ्या ताईला सोडव. आता अजून त्रास नको. आपल्या माणसाचं जाणं मागावं असं मला कुणी शिकवलं नव्हतं. पण मी मागितलं. दुसऱ्या दिवशी परत. रोज मागितलं, काल संध्याकाळीसुद्धा.

मालूताई म्हणतात, काल रात्री तुम्ही पेज मागून घेतलीत, दोन चमचे खाल्लीत, कूस वळवलीत आणि झोपलात. कण्हला नाहीत. पहाटे त्यांनी हात लावला तेव्हा अंग गार होतं आणि कपाळावर एक आठी नव्हती.

तुमचं काम झालं, ताई.